गृहपाठाची वही (लेखांक ७) : गुंठ्यातली हरवलेली खोली

मंगळवारी संध्याकाळी आठवीतल्या एका मुलाने वही माझ्यापुढे ठेवली आणि काही न बोलता एका ओळीवर बोट ठेवलं. कंसात ३० + ३, कंसाच्या डोक्यावर वर्गाचा छोटासा २, आणि पुढे उत्तर ९०९. त्यावर लाल शाईची फुली. शेरा काहीच नाही.

"काकू, तीसचा वर्ग नऊशे, बरोबर ना? तीनचा वर्ग नऊ, तोही बरोबर. मग दोन्ही बरोबर असून बेरीज चूक कशी?"

प्रश्न रास्त होता. 'सूत्र पाठ कर' हे त्याचं उत्तर नव्हे. सूत्र त्याला पाठ होतंच. मी विचारल्यावर त्याने घडाघडा म्हणून दाखवलं : अचा वर्ग, अधिक दोन अब, अधिक बचा वर्ग. पण हे सूत्र आणि समोरचं गणित ही एकच गोष्ट आहे, हे त्याला कोणी दाखवलेलं नव्हतं. त्याच्या लेखी एक होती परीक्षेत लिहायची ओळ आणि दुसरी होती आकडेमोड.

पुण्यात धायरीतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी सहा-सात मुलं गृहपाठ घेऊन बसतात. काही मराठी माध्यमाची, बरीचशी इंग्रजी. पुस्तकं वेगळी, शाळा वेगळ्या; अडण्याच्या जागा मात्र त्याच. या मालेत आतापर्यंत आपण अशाच एकेका जागेपाशी थांबत आलो. आज तीन गणितं घ्यायची आहेत : एक भूमितीकडून आलेलं, एक बीजगणिताचं, एक मोजणीचं. वहीत ती वेगवेगळ्या धड्यांत आहेत. मला ती एकाच युक्तीची वाटतात, आणि ती युक्ती म्हणजे एकच गोष्ट दोन वाटांनी मोजणं.

मी त्या मुलाला विचारलं, "गुंठा म्हणजे किती रे?"

"वन थाउजंड एटीनाइन स्क्वेअर फूट." क्षणाचाही विलंब नाही. धायरीतल्या पोराला हे विचारावंच लागत नाही. रायकर मळा, बेनकर वस्ती ही नावं अजून मळ्या-वस्त्यांची आहेत. तिथे आज इमारती आहेत. २०१७ मध्ये गाव महापालिकेत गेलं, तरी जमिनीची भाषा गुंठ्याचीच राहिली. अर्धा गुंठा, पाऊण गुंठा, दीड गुंठा असे शब्द जेवताना मुलांच्या कानावर पडत असतात. त्याच्या घरीही सध्या तोच विषय चालू होता.

"हजार एकोणनव्वद. हा आकडा आला कुठून?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि 'एकोणनव्वद' म्हणजे काय तेही नव्हतं, म्हणून तिथे जरा थांबलो. एकोण म्हणजे एक उणे. नव्वदातून एक कमी, म्हणजे एकोणनव्वद. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे त्याच घडणीचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद पेटला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांच्या बाजूने ठाम भूमिका घेतली होती, आणि लहान मुलाची अडचण त्यांनी नेमकी ओळखली होती, असं माझं मत आहे. 'सदतीस' म्हणताना आधी सात कानावर येतो आणि लिहिताना आधी तीन काढावा लागतो. सहा वर्षांच्या मुलाला हे जड जातं. पण आठवीतल्या मुलाला 'एकोण' शब्दातली वजाबाकी दाखवली की त्याचे डोळे चमकतात. जे दुसरीत अडखळायला लावतं, तेच आठवीत हाताशी येतं.

असो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौरस. ३३ गुणिले ३३, बरोबर १०८९.

"तेहेतीसच का? तीस का नाही?"

हाही चांगला प्रश्न. इंग्रज मोजणीदारांची साखळी ६६ फुटांची. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने ती १६२० मध्ये बसवली. तिची अर्धी ३३ फूट. अर्ध्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, असे चार गुंठे म्हणजे पुऱ्या साखळीचा चौरस, आणि पुऱ्या साखळीचे दहा चौरस म्हणजे एकर. म्हणून एकरात ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. बोलताना लोक आर आणि गुंठा एकच धरतात. एका गुंठ्यामागे फरक जेमतेम साडेबारा फुटांचा. पण ४० आरांना एकर म्हटलं तर तोच फरक पाचशे फुटांवर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या गुंठ्यावर जातो. हे मी मुलांना मुद्दाम सांगते. पुढे कधीतरी त्यांच्या घरच्यांना उपयोगी पडेल.

आता आलेख कागद काढला. एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट धरलं तर ३३ सेंटिमीटरचा चौरस एका कागदावर मावत नाही, म्हणून दोन कागद चिकटवले. चौरस त्यानेच आखला. मग मी त्याला खालच्या बाजूवर ३० पाशी खूण करायला लावली, डाव्या बाजूवरही ३० पाशी. दोन्ही खुणांपासून सरळ रेघा आखल्या आणि कात्री त्याच्या हातात दिली.

चार तुकडे झाले. एक मोठा चौरस, ३० बाय ३०. एक अगदी छोटा, ३ बाय ३. आणि दोन लांब पट्ट्या, ३० बाय ३ च्या.

"तुझ्या उत्तरातले तुकडे उचल."

त्याने मोठा चौरस उचलला, नऊशे. छोटा उचलला, नऊ. टेबलावर दोन पट्ट्या राहिल्या. एक आडवी, एक उभी. तो बघत राहिला. मग बोटाने एक पट्टी सरकवून दुसरीशेजारी लावली. ३० बाय ६. म्हणजे १८० चौरस फूट.

"काकू, ही तर आख्खी रूम आहे. बारा बाय पंधराची."

तेच. हजार एकोणनव्वद फुटांच्या जागेचं ९०९ फुटांचं खत केलं, तर १२ बाय १५ ची एक खोली हवेत विरली. नंतर मी त्याला 'दोन अब' कुठे आहे असं विचारलं, तेव्हा त्याने दोन्ही पट्ट्या हातात धरून दाखवल्या. दोन कशाचे, ते आता त्याला पाठ करावं लागणार नाही.

सातवीच्या बालभारतीच्या पुस्तकात वर्गविस्ताराच्या धड्यात चौरसाची अशीच आकृती छापलेली आहे, आणि ती छान आहे. पण छापलेली आकृती आणि कातरलेला कागद यांत फरक पडतो. कागद हातात असला की हरवलेला भाग टेबलावर शिल्लक राहिलेला दिसतो. आणखी एक गोष्ट मला खटकते. नववीपासून राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात गणिताचे दोन भाग होतात, पहिला बीजगणिताचा, दुसरा भूमितीचा. दोन पुस्तकं, दोन वह्या, दहावीला चाळीस-चाळीस गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका. सोय म्हणून ठीक आहे. पण मुलाच्या मनात भिंत उभी राहते, आणि मग बीजगणिताच्या वहीत अडल्यावर भूमितीच्या वहीतली पट्टी काढावी, हे सुचतच नाही.

या गणितात आपण नेमकं काय केलं? एकच गुंठा दोनदा मोजला. एकदा अखंड, ३३ गुणिले ३३. एकदा तुकड्यातुकड्यांनी. जमीन तीच असल्यामुळे दोन्ही हिशोब जुळलेच पाहिजेत. त्या जुळण्याला बरोबरचं चिन्ह म्हणतात.

आता सातवीतल्या मुलीचं गणित. पुस्तकात ते पन्नासाच्या आणि शंभराच्या नोटांचं होतं आणि तिला सुरुवातच सुचत नव्हती. "उदाहरण वाचलं की कळतं, पण पहिली ओळ काय लिहायची तेच कळत नाही," असं ती म्हणाली. ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की गणितात मुलं खरी कुठे अडतात याचं उत्तर मला तेच वाटतं. आकडेमोडीत अडणारी थोडी. पहिल्या ओळीपाशी अडणारी पुष्कळ.

नोटा बाजूला ठेवल्या आणि गेटकडे बोट दाखवलं. तिथे टँकर लागलेला होता. धायरीत उन्हाळ्यात टँकरचा हिशोब प्रत्येक सोसायटीत चालतो, आणि मुलांना तो घरबसल्या ऐकायला मिळतो. मी तिला असं घालून दिलं : समजा आठवड्यात एकूण १३ टँकर आले. काही दहा हजार लिटरचे, काही सहा हजारांचे. एकूण पाणी १ लाख ६ हजार लिटर. मोठे किती, छोटे किती?

आधी तिला समीकरणाशिवाय करायला सांगितलं. "समज, सगळेच मोठे आले."

"मग एक लाख तीस हजार."

"खरं पाणी किती?"

"एक लाख सहा. चोवीस हजार कमी."

"एका मोठ्याच्या जागी छोटा आला की किती कमी होतं?"

"चार हजार." थोडा वेळ गेला. "म्हणजे सहा वेळा छोटा आला. सहा छोटे, सात मोठे."

पडताळा तिनेच केला : सत्तर हजार आणि छत्तीस हजार, एक लाख सहा हजार. जुन्या इष्टकर्माच्या रीतीची ही जवळची नातलग. आधी सोयीचं काहीतरी धरायचं, मग चूक किती पडते ते बघून दुरुस्त करायचं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत इष्टकर्म आहे; तिथे दुरुस्ती प्रमाणाने करतात.

मग समीकरण. मोठे टँकर क्ष मानू. इथे मुलं 'मानू' हा शब्द घाईने ओलांडून जातात, आणि सगळा अर्थ त्याच शब्दात आहे. जे माहीत नाही त्याला नाव द्यायचं आणि ते माहीत असल्यासारखं पुढे चालायचं. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. एकाहून जास्त अज्ञात असले तर पुढच्यांना रंगांची नावं : कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर, या, का, नी. मुलीला हे फार आवडलं. तिने वहीत क्ष खोडून 'या' लिहिलं आणि मी ते तसंच राहू दिलं.

मोठे 'या'. मग छोटे तेरा वजा 'या'. मोठ्यांचं पाणी दहा हजार गुणिले 'या', छोट्यांचं सहा हजार गुणिले, कंसात, तेरा वजा 'या'. दोन्हींची बेरीज झाली टँकर मोजून आलेलं पाणी. दुसरीकडे बिलावर लिहिलेलं पाणी, एक लाख सहा हजार. टाकी एकच, पाणी एकच. एक हिशोब वॉचमनच्या वहीतला, दुसरा बिलाचा. मधे बरोबरचं चिन्ह. 'या' आला सात.

"म्हणजे पहिली ओळ म्हणजे दोन हिशोब शोधायचे?" तिने विचारलं. हो. शाब्दिक उदाहरणात ते दोन हिशोब कुठे लपलेत, एवढंच शोधायचं असतं. नोटांचं गणित तिने मग एकटीने केलं. मी पाहिलंसुद्धा नाही.

तिसरं गणित मोजणीचं. खोलीत बारा जण आहेत, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केलं, तर एकूण हस्तांदोलनं किती? आमच्या पार्किंगमध्ये यावर तीन उत्तरं आली : १४४, १३२ आणि ६६. तिन्ही मुलं आपापल्या उत्तरावर ठाम.

हस्तांदोलन आपल्या मुलांच्या रोजच्या सवयीचं नाही, म्हणून मी ते तिळगुळावर नेलं. आमच्या विंगेत बारा घरं आहेत. संक्रांतीला प्रत्येक घराने बाकीच्या प्रत्येक घराला एक लाडू दिला. एकूण लाडू किती लागले? १४४ म्हणणाऱ्या मुलीला लगेच कळलं की तिने प्रत्येक घराला स्वतःलाच एक लाडू द्यायला लावला होता. ती हसली आणि १२ वजा केले. बारा घरं, प्रत्येकाने अकरा लाडू, एकूण १३२.

आता प्रश्न बदलला. दोन घरांची भेट झाली की दोन्हीकडून लाडू दिला जातो. भेटी किती? इथे १३२ म्हणणारा मुलगा अडला. मी चार घरं घेऊन त्याला सगळ्या भेटी लिहायला लावल्या. पहिलं-दुसरं, पहिलं-तिसरं, पहिलं-चौथं, दुसरं-तिसरं, दुसरं-चौथं, तिसरं-चौथं. सहा. लाडू मात्र बारा. प्रत्येक भेटीत दोन लाडू. तेव्हा बारा घरांच्या भेटी १३२ च्या निम्म्या, ६६.

आणि मग दुसरी वाट. पहिलं घर अकरा भेटी करतं. दुसऱ्याच्या नव्या भेटी दहा, कारण पहिल्याची झालेली आहे. तिसऱ्याच्या नऊ. असं करत शेवटी एक. अकरा, दहा, नऊ पासून एकपर्यंत सगळ्यांची बेरीज. ती मुलांनी कागदावर करून बघितली, ६६. कुठलंही सूत्र न सांगता एक ते अकराच्या बेरजेचं सूत्र हाती आलं : अकरा गुणिले बारा, भागिले दोन. भेटी त्याच, मोजल्या दोनदा, म्हणून दोन्ही उत्तरं एकच.

मोजणीच्या गणितात क्रम महत्त्वाचा की नाही, हे एकदा ठरवलं की निम्मं काम झालं. लाडवात क्रम आहे, मी तुला दिला हे वेगळं आणि तू मला दिलास हे वेगळं. भेटीत क्रम नाही. याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण लीलावतीच्या शेवटच्या प्रकरणात, अंकपाशात आहे. विष्णूचे चार हात. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं. आयुधं हातांत अदलाबदल करून किती मूर्ती होतील? पहिल्या हातात चारांपैकी काहीही, दुसऱ्यात उरलेल्या तिनांपैकी, मग दोन, मग एक. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, चोवीस.

एका मुलाचे आजोबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, "चोवीसच. संध्येत केशवापासून कृष्णापर्यंत नावं घेतो ना आम्ही, ती चोवीस." आणि त्यांनी मुलांना ती मोजून दाखवली. मूर्तिशास्त्रात त्या चोवीस नावांच्या चोवीस मूर्ती आयुधांच्या क्रमावरूनच ओळखतात. एक मोजणी गुणाकाराची, एक संध्येच्या नावांची, आणि दोन्ही चोवीसवर येऊन थांबल्या.

त्याच ठिकाणी भास्कराचार्य शंकराच्या दहा हातांचंही विचारतात. दहा हात, दहा आयुधं. उत्तर ३६,२८,८००. मुलांना आकडा मोठा वाटला, पण किती मोठा ते कळेना. म्हणून सेकंदाला एक मूर्ती बघायची असं ठरवून भागाकार केला. झोप नाही, जेवण नाही, तरी ४२ दिवस लागतात. बरोबर सहा आठवडे, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. हे उत्तर इतकं चोख येतं की मुलांनी भागाकार दोनदा करून पाहिला.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० चा, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षीचा. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे; त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढल्याचं त्यात नोंदलेलं आहे. नातवाने आजोबांचं गणित शिकवण्याची सोय केली, ही गोष्ट मला त्या ग्रंथांइतकीच मोलाची वाटते.

ठरवलेली तीन गणितं झाली, पण त्याच युक्तीचं आणखी एक राहिलं : शुक्रवारी नववीतल्या एका मुलीसाठी आम्ही भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं एक उदाहरण कागदावर केलं. काटकोन त्रिकोण, काटकोनाच्या बाजू 'तिथी' आणि 'नखं'. आकडे शब्दांनी सांगायची ती जुनी पद्धत : पक्षाच्या तिथी पंधरा, हातापायांची नखं वीस. कर्ण किती?

गेल्या वर्षीच्या कालनिर्णयची पानं घेतली. १५ बाय २० सेंटिमीटरचे दोन आयत कापले, दोन्ही कर्णावर कापले, चार काटकोन त्रिकोण झाले. ते फरशीवर असे मांडले की सगळ्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येतील. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही एक त्रिकोण उलटा लागला. तिसऱ्यांदा बाहेरून एक सुबक तिरपा चौरस तयार झाला आणि मधोमध एक चौकोनी भोक राहिलं. भोकाची बाजू तिने पट्टीने मोजली, पाच. वीसमधून पंधरा गेले.

एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ दीडशे. चारांचं सहाशे. मधल्या भोकाचे पंचवीस. सगळे मिळून ६२५. आणि तोच चौरस बाहेरून मोजला तर कर्ण गुणिले कर्ण. म्हणजे कर्ण पंचवीस. तिने पट्टी लावली. पंचवीसच.

"पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, वीसचा चारशे," ती स्वतःशीच म्हणाली. "सहाशे पंचवीस. हे पायथागोरस आहे." सातवीपासून तिने हा सिद्धांत वापरलेला होता. तो खरा का आहे, ते तिला त्या फरशीवर पहिल्यांदा दिसलं. मग थोडं थांबून तिने विचारलं, "काकू, दोन्ही बाजू सारख्या घेतल्या तर मधे भोक राहील का?"

मी उत्तर दिलं नाही. तिने १० बाय १० चे दोन चौरस कापले, त्यांचे चार त्रिकोण केले आणि मांडले. भोक उरलं नाही. चारही टोकं मध्यावर एकमेकांना भिडली. एका त्रिकोणाचे पन्नास, चारांचे दोनशे. म्हणजे कर्णाचा वर्ग दोनशे. तिने पट्टी लावली आणि भुवया आकसल्या. चौदाच्या पुढे एक रेघ, आणि त्या रेघेच्याही किंचित पुढे.

"चौदा पूर्णांक एक, आणि थोडं," असं तिने वहीत लिहिलं. चौदा पूर्णांक एकचा वर्ग करून पाहिला, १९८.८१. चौदा पूर्णांक दोनचा, २०१.६४. मग १४.१४ चा, मग १४.१५ चा. पार्किंगमधला दिवा लागला तेव्हा ती पाचव्या दशांशस्थळावर होती आणि दोनशे अजून जमलेले नव्हते.

पुढच्या आठवड्यात त्या 'आणि थोडं'पासून सुरुवात करू.